सासुरवाडीची भिंत आणि माझी डबी

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, कारण मधे थांबवलेलं मला चालत नाही. केजला माझं रंगाचं दुकान आहे, आणि स्वतःच्या घराचा हॉल मी चुकीच्या रंगात रंगवलाय. तोही यंत्राने मोजून!

यंत्र म्हणजे काय, तर काडेपेटीएवढी डबी. भिंतीला टेकवायची, बटण दाबायचं, की मोबाइलवर तो रंग आणि त्याचा नंबर येतो. दुसरंही एक यंत्र आहे, ते गाडीच्या पत्र्यावर रंगाचा थर किती जाड आहे ते सांगतं. जुनी जीप घेणारे, ती ठोकून पुन्हा रंगवलीय का ते बघायला, मला मुद्दाम बोलावून नेतात. 'रंगाचा डॉक्टर' म्हणतात हो लोक मला! पण खरं सांगू? माझा जीव त्या डबीवर. गिऱ्हाईक नसलं की मी ती पेरूला लावतो, कापसाच्या बोंडाला लावतो, आणि स्क्रीनवरचे रंग बघत कुठल्या कुठे निघून जातो. माझी बायको शोभा म्हणते, हा माणूस दुकानात असतो, पण जागेवर नसतो.

तर आमचं नवं घर बांधून झालं. शोभाने एकच गोष्ट मागितली. हॉलचा रंग नांदूरघाटच्या तिच्या माहेरच्या बैठकीसारखा हवा. फिका मोरपंखी, सकाळच्या उन्हात जरा हिरवा, दिवेलागणीला निळा. तिचा भाऊ दिवाळीआधी त्या भिंतींना टाइल्स लावणार होता.

"एकदा टाइल बसली की ग्येला तो रंग," ती म्हणाली. म्हटलं, आणून देतो तुझं माहेर, हुबेहूब.

आता सांगा, सासुरवाडीत जावयाने भिंती चाचपत फिरायचं का? सासऱ्यांना वाटायचं, जावई घराचा भाव काढतोय!

एका रविवारी गेलो. पुरणपोळ्या झाल्या, वर तुपाची वाटी. नेहमीप्रमाणे मला बैठकीत माझ्या ठरलेल्या जागी, गादीवर, भिंतीला टेकून बसवलं. दुपार कलली होती. दारातून ऊन आत आलं होतं, सगळी बैठक त्या मोरपंखी उजेडात तरंगत होती, आणि पोटातलं पुरण डोळे मिटवत होतं. अर्धवट झोपेतच मी खिशातून डबी काढली, हात डोक्यामागे नेला, डबी भिंतीला टेकवली आणि बटण दाबलं. कुणाला पत्ता नाही! मग तसाच झोपलो. स्वप्नातही रंगच होते.

घरी येऊन मोबाइलवर बघतो तर रंग जरा शेवाळी वाटला. म्हटलं, स्क्रीनचं काय खरं असतं, यंत्र थोडंच खोटं बोलतंय? ती बैठक स्वतःच्या डोळ्यांनी बघून आलेला मी, डोळे सोडून डबीवर भरवसा ठेवला. रंगकाम चालू होतं तोवर शोभाला आत पाऊल टाकू दिलं नाही.

रंग वाळल्यावर तिला आणलं. ती दारातच उभी राहिली. मग पदर तोंडाला लावला आणि तिचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, माहेर आठवलं! माझेही डोळे भरून आले. तिला बोलायला सवडच न देता मी नांदूरघाटला फोन लावून सासू-सासऱ्यांना बोलावून घेतलं. शेजाऱ्यांनाही आवतण दिलं, या, बघा, याला म्हणतात यंत्राने रंग जुळवणं!

सासूबाईंनी भिंतीकडे बघितलं, लेकीकडे बघितलं, आणि दोघीही पदराआड. सासरे तेवढे गंभीर होते.

"जावईबापू, यंत्र कुटं लावलतं?"

मी सांगितलं, मी बसतो तिथेच, डोक्यामागे.

"मंग बरूबर हाय," म्हणाले, आणि खाली बघायला लागले.

मला काही कळेना. शेवटी शोभानेच मला नांदूरघाटला नेऊन माझ्या जागेसमोर उभं केलं. मोरपंखी भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, एक गोल तेलकट शेवाळी डाग! वर्षानुवर्षं ज्या भिंतीकडे पाठ करून बसलो, तिच्याकडे कधी बघणार? मी म्हटलं, मामांच्या, म्हणजे सासऱ्यांच्या, डोक्याचा दिसतोय.

"आबा दारापशी बसत्यात," शोभा म्हणाली. "ह्या जागंवर तुमच्याबिगर कुनी टेकत न्हाई. लगीन झाल्यापसून तुमचंच चमेलीचं तेल मुरतंय तितं."

म्हणजे हॉलच्या चारही भिंतींना मी माझ्याच टाळूचा डाग फासला होता!

त्याच दिवशी तिने मला स्टुलावर चढवलं. जिथे कुणाचंच डोकं पोचत नाही अशा जागेवर डबी टेकवायला लावून रंग मोजून घेतला. तो आमच्या स्वयंपाकघराला दिलाय. आता सकाळी चहा करता करता ती त्या भिंतीकडे बघत राहते, दूध उतू जातं, आणि मला फार बरं वाटतं.

हॉलही पुन्हा रंगवून देतो म्हणालो, तर नको म्हणाली.

"ऱ्हाऊ द्या. हितं कुटंबी डोकं टेका, डाग दिसायचा न्हाई."