जीवशास्त्राच्या कव्हरातलं जहाज

लातूरच्या एका क्लासच्या हॉस्टेलमध्ये पालक म्हणून मला आजही प्रवेश आहे, माझ्या पिशवीला नाही.

माझी मुलगी अस्मिता बारावीसाठी तिथं राहते. आमच्या मुखेडहून गेली तेव्हा कानाला लावलेलं गाणं आणि तोंडाचा पट्टा दोन्ही चालू होती. हॉस्टेलनं मोबाईल काढून घेतला, आणि तीन महिन्यांत पोरगी गप्पच झाली. रविवारी रेक्टर मॅडमच्या फोनवरून पाच मिनिटं मिळायची. मी विचारायचो, जेवलीस का, झोप होते का. पलीकडून ‘हो’ आणि ‘बरंय’. माझा जीव कासावीस व्हायचा. तहसील कचेरीत लोकांचे उतारे काढून देताना माझं लक्ष उडालेलं असायचं (एका गृहस्थाला मी शेजाऱ्याचं शेत देऊन टाकलं होतं. तो खूश होता, शेजारी नव्हता).

तिच्याशी बोलायला काहीतरी विषय हवा म्हणून एके दिवशी मी हॉस्टेलनं घरी परत पाठवलेला तिचा मोबाईल उघडला आणि तिचं लाडकं गाणं लावलं. निळ्या केसांची परदेशी गायिका, मागं ढोलाचा दणदणाट. पण खाली शब्दांचं भाषांतर येत होतं, आणि मी ताडकन उठून बसलो. जहाज! वादळ! ‘नकाशा फाडून टाक, ते बेट माझ्या काळजात आहे!’ अहो, ही तर माझी कादंबरी! पाचवीत असताना गावच्या वाचनालयातून आणून मी सात वेळा वाचलेली. पोरगं, नकाशा, चाचे, बेट, खजिना. तिची एक जीर्ण प्रत मी जपून ठेवली होती, आणि अस्मितानं तिला आजवर हात लावला नव्हता.

आठ रात्री खपून मी लाल पेननं कादंबरीच्या समासात गाण्याच्या ओळींसकट लिहून काढलं : हे प्रकरण म्हणजे गाण्याचं पहिलं कडवं, इथं ढोल वाजतो, इथं निळ्या केसांची ताई रडते. बायको, सुजाता, म्हणाली, “तुमी आधी डोळ्याला दाखवा, मग डोक्याला.”

अडचण एकच होती. हॉस्टेलात अवांतर पुस्तकाला बंदी, आणि दर पिशवी तपासली जायची. म्हणून मी कादंबरीला खाकी कव्हर घातलं आणि वर ठळक लिहिलं, ‘जीवशास्त्र : अतिमहत्त्वाचे प्रश्न’. कव्हर जास्त खरं वाटावं म्हणून खाली ‘नांदेड’ असंही लिहिलं. डब्यासोबत पिशवी लातूरच्या एसटीत कंडक्टरच्या हवाली केली आणि स्वतःच्या हुशारीवर फिदा होऊन घरी आलो.

त्या ‘नांदेड’नंच घात केला. लातूरच्या क्लासवाल्यांना जगात एकच काळजी, नांदेडवाले काय शिकवून राहिले! मॅडमनी कव्हर पाहिलं, आत न बघताच पुस्तक झेरॉक्सला धाडलं आणि चाळीस पोरींना वाटून टाकलं. मूळ प्रत तेवढी अस्मिताच्या हातात ठेवली.

आठवड्यानं क्लासच्या सरांचा फोन आला. ताबडतोब या.

सरांनी मला बसायलाही सांगितलं नाही. समोर सराव परीक्षेचा पेपर ठेवला. हृदयाची आकृती काढा, असा प्रश्न होता. कुणा एका पोरीनं हृदय सुरेख काढलं होतं. डाव्या कप्प्यात बेट होतं, नारळाच्या झाडासकट. धमनीतून एक जहाज येत होतं.

“असे सव्वीस पेपर हायेत,” सर म्हणाले. “पोरी मेसमध्ये ताटं वाजवून ते गाणं म्हणून राहिल्या. मॅडमनं रागवायचं, तर मॅडमच तिसऱ्या कडव्यापर्यंत गेलेल्या.”

मी खाली मान घालून माफी मागितली आणि कादंबरी परत मागितली. सर म्हणाले, राहू द्या, जप्त केलीय. त्यांच्या टेबलावरच्या त्या प्रतीत एसटीच्या तिकिटाचा तुकडा खुणेला घातलेला होता, आणि तोही बराच पुढच्या पानात. म्हणजे सरही वाचतच होते.

गेटपास घेऊन अस्मिता माझ्यासोबत बसस्टँडपर्यंत आली. मी विचारलं, “तुला कशी वाटली गं?”

“मी न्हाई वाचली.”

“अगं, सगळ्या हॉस्टेलनं वाचली!”

“आधी वर जीवशास्त्र लिव्हलं होतं म्हणून उघडली न्हाई. मग आत तुमचं अक्षर दिसलं म्हणून.”

आणि मग तिचा बांध फुटला. पप्पा, चाळीस पोरी मला ‘ढोलवाल्याची पोरगी’ म्हणून राहिल्या. पप्पा, ती गायिका रडत न्हाई, ती खोकते. पप्पा, आता ते गाणं मॅडमला आवडतं, मी कोणत्या तोंडानं ऐकू? मेसची भाजी, खोलीतली घोरणारी मैत्रीण, फिजिक्सची भीती, घरची आठवण, सगळं त्या रागातच बाहेर पडलं. ती सलग पाऊण तास बोलली, आणि प्रत्येक वाक्यात चूक माझीच होती.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. तिला वाटलं, बोलणं लागलं, म्हणून जरा थांबली. मी घाईनं म्हणालो, “न्हाई न्हाई, बोल तू.” मुखेडच्या दोन गाड्या माझ्यासमोरून निघून गेल्या. एवढ्या आनंदानं पोरीची बोलणी खात उभा राहिलेला बाप त्या स्टँडवर दुसरा नव्हता, आणि तिसरी गाडीही चुकावी म्हणून मीच तिला विचारलं, “बरं, माझं अक्षर एवढं वाईट हाय का?”