साक्ष, शुद्ध मराठीत

शनिवार, ९ डिसेंबर २००६. चाळीस चादरींना इस्त्री करायची होती. दुसऱ्या दिवशी बाहेरच्या देशातून पाहुणे येणार होते. मी मिशनच्या मुलींच्या वसतिगृहाची मेट्रन. वऱ्हांड्यात टेबल लावून उभी होते. समोर जेवणघराचं दार उघडं होतं. म्हणून जे झालं ते मी पूर्ण पाहिलं.

सेवंता आमची स्वयंपाकीण. साठ मुलींच्या भाताचा मोठा गंज चुलीवरून उतरवून ती दारात आली. घामाने भिजलेली. दाराशी पाहुण्यांसाठी आणलेला नवा स्टीलचा फिल्टर ठेवला होता. तिने पेला घेतला आणि तोटी उघडली.

सेक्रेटरीसाहेब तिथेच खुर्च्या मांडून घेत होते. आमच्या चर्चच्या मंडळीचे सेक्रेटरी. निवृत्त हेडमास्तर. रविवारी चर्चमध्ये शास्त्रपाठ वाचतात.

"ए! हात लावू नको त्याला. पाहुण्यांचा आहे तो."

सेवंता हसली. "साहेब, भात तर माह्याच हातचा हाय. थो खातीन ना पाहुने?"

तिने गमतीने म्हटलं होतं. त्यांनी तिच्या जातीचं नाव घेतलं, त्याला एक शिवी जोडली आणि दंडाला धरून तिला ढकललं. तीन पायऱ्या. ती हातावर पडली. शिवी इथे लिहीत नाही. जिथे लिहायची तिथे लिहून दिली आहे.

साहेबांनी पेला पायाने बाजूला केला आणि खुर्च्यांकडे वळले.

मी इस्त्रीचं बटण बंद केलं, सेवंताला उठवलं, माझ्या लुनावर मागे बसवलं आणि गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात नेलं. मनगट मोडलं होतं. प्लास्टर होईपर्यंत ती रडली नाही. बाहेर आल्यावर चहाच्या टपरीवर म्हणाली, "बाई, तू पायलं ना?"

"पायलं."

"मंग मी ठाण्यात जातो. तू सांगशील?"

मी चहा संपवला. म्हटलं, "आधी घरी चल."

हे उत्तर नव्हतं. तिलाही कळलं, मलाही.

सेवंता आणि मी एकाच वस्तीतल्या. विहाराच्या मागच्या गल्लीतल्या. लहानपणी दोघी आयांच्या मागे धानाच्या रोवणीला जायचो, गुडघाभर चिखलात. ती बौद्धच राहिली. मला अकराव्या वर्षी आईने याच वसतिगृहात आणून सोडलं, कारण इथे दोन वेळ जेवण होतं आणि शाळा होती. पुढे बाप्तिस्मा झाला. शिकले, इथेच नोकरीला लागले, इथल्याच खोलीत राहते. मिशनने मला दिलं ते खोटं नाही. ते मी नाकारत नाही. पण ते दर वर्षी माझ्याकडून वदवून घेतलं जातं, त्याबद्दल बोलते आहे.

त्याला साक्ष म्हणतात. चर्चमध्ये उभं राहून सांगायचं, मी कुठे होते आणि प्रभूने मला कुठे आणलं. माणूस आपणहून सांगतो ती साक्ष. माझी मात्र पाहुणे आले की काढली जायची, चांगल्या कपबश्या काढतात तशी.

वसतिगृहाचा कारभार मॅडमकडे. शहरातल्या एका डॉक्टरांच्या पत्नी, महिला मंडळाच्या अध्यक्ष. चार पिढ्यांचे ख्रिस्ती. पणजोबा मूळचे ब्राह्मण होते हे त्या वर्षातून दोनदा तरी सांगतात. सहज सांगतात.

मी वसतिगृहात आले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "कधी आलीस गं?" मी म्हटलं, "काल आलो." आमच्याकडे बाया तशाच बोलतात. मॅडम सगळ्या मुलींसमोर म्हणाल्या, "आलो? मुलगा आहेस की मुलगी?" मुली हसल्या. मग मला भिंतीकडे तोंड करून शंभर वेळा "मी आले" म्हणायला लावलं. मोठ्याने. जरा थांबले की मागून हसू ऐकू यायचं, म्हणून मी थांबले नाही. घसा बसला. त्यानंतर मी घरी गेले तरी आईशी शुद्ध बोलायची. आई म्हणायची, "काऊन वो, मास्तरीण झाली का?"

पण साक्ष द्यायची वेळ आली की याच मॅडम म्हणायच्या, "तुझ्या त्या गावठी बोलीत बोल हं. पाहुण्यांच्या काळजाला तेच भिडतं." पाहुण्यांना मराठी कळत नसे. तरीही. आणि मी बोलायची. चिखल, भूक, फाटकी चड्डी. वीस वर्षं.

शनिवारी संध्याकाळी मॅडम सेवंताच्या घरी आल्या. मी तिथेच होते. सफरचंदं आणली होती, एक शाल आणली होती. सेवंताच्या खाटेवर बसल्या, तिचा चांगला हात हातात घेतला, प्रार्थना केली. प्रार्थना करताना रडल्या. ते रडणं खोटं नव्हतं. माझी अडचण तीच आहे. मॅडम पडलेल्या माणसाजवळ तासभर बसतात. पाडणाऱ्याला दोन शब्द विचारायचे म्हटले की त्यांना दुसरं काम आठवतं.

"क्षमा कर त्यांना, सेवंता," मॅडम म्हणाल्या. "क्षमेत मोठी ताकद असते."

सेवंताने विचारलं, "साहेब माफी मागून राहिले का, मॅडम?"

"ते वयाने मोठे आहेत. मनातून त्यांनाही वाईट वाटलंच असेल."

"मागूनच नाही राहिले, तं मी देऊ कोनाले?"

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी सफरचंदांकडे पाहिलं.

बाहेर अंगणात आल्यावर त्या म्हणाल्या, "तिला समजाव. तुझं ऐकते ती. पोलिसांत गेली तर उद्याच्या पाहुण्यांच्या कानावर जाईल. वसतिगृह बंद पडलं तर या साठ मुली कुठे जातील? धरणाकडच्या आपापल्या गावांत परत, लग्नं लावून टाकतील त्यांची. आपण न्यायनिवाडा करणारे कोण? आणि तुला कुठून उचलून आणलंय ते तरी विसरू नकोस."

"विसरू कशी?" मी म्हटलं. "दर वर्षी सांगते ना."

त्यांना टोमणा कळला नाही. "हो, उद्या चांगली दे साक्ष," म्हणाल्या आणि गाडीत बसल्या.

त्या साठ मुलींची मला खरंच काळजी वाटत होती. त्यातल्या तिघींना ताप होता, दोघींची दहावी होती. माझी खोलीही जाणार होती. कुडव्याला बहीण राहते, दोन खोल्यांत पाच माणसं. मी सहावी. हे सगळं मी चादरींच्या घड्या घालताना पुन्हा पुन्हा डोक्यात फिरवलं. प्रत्येक वेळी शेवटी पायऱ्यांवर पडलेली सेवंता यायची.

रविवारी चर्च भरलं होतं. सहा पाहुणे पहिल्या बाकावर. सेक्रेटरीसाहेबांनी शास्त्रपाठ वाचला, आवाज छान आहे त्यांचा. मग माझं नाव पुकारलं. मॅडम माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. मी मराठीत बोलायचं, त्या इंग्रजीत सांगणार. नेहमीची पद्धत.

मी ठरवलं होतं. शुद्ध मराठीत बोलले. स्वच्छ, सावकाश, त्यांनी शिकवली तशी.

"काल दुपारी आपल्या स्वयंपाकीणबाई सेवंता यांनी पाहुण्यांच्या फिल्टरमधून पाणी घेतले. त्यावरून आपल्या सेक्रेटरींनी त्यांना जातीवरून शिवी दिली आणि पायऱ्यांवरून ढकलले. त्यांचे मनगट मोडले आहे. मी हे माझ्या डोळ्यांनी पाहिले. ही माझी आजची साक्ष."

पाळकसाहेब चष्मा पुसायला लागले. सेक्रेटरीसाहेब समोर बघत बसले.

मॅडम हसून पाहुण्यांकडे वळल्या. मला इंग्रजी बोलता येत नाही, पण औषधाच्या बाटल्या आणि पाहुण्यांची पत्रं वाचून वाचून ऐकलेलं बरंच कळतं. मला 'पुअर कुक' ऐकू आलं. 'ॲक्सिडेंट' ऐकू आलं. मग 'फरगिव्ह'. मग माझं नाव, आणि माझ्या खांद्यावर मॅडमचा हात.

मी "नो" म्हणाले. मोठ्याने. मान हलवून पुन्हा म्हणाले, "नो, नो."

पाहुण्यांना वाटलं, ही विनयाने नको नको म्हणते आहे. त्यांनी टाळ्या वाजवल्या. एक म्हातारी बाई उठून आली, डोळे पाण्याने भरलेले, तिने मला मिठी मारली. तिच्या अंगाला लव्हेंडर साबणाचा वास होता. मी मिठीत अडकले होते आणि तिच्या खांद्यावरून मंडळी दिसत होती. दोनशे माणसं. सगळ्यांना मराठी येत होती. सगळ्यांनी दोन्ही ऐकलं होतं. एकानेही तोंड उघडलं नाही. फोटो काढला गेला. तो फोटो कुठेतरी छापला असेल, खाली काहीतरी प्रेमाचं लिहिलेलं असेल.

बाहेर चहा होता. सेक्रेटरीसाहेब माझ्याजवळ आले. हळू आवाजात म्हणाले, "तुझी साक्ष कोण धरतो? कागदावर तू ख्रिस्ती. रक्ताने तीच. सेवंताच्याच जातीची."

मॅडम मला बाजूला घेऊन म्हणाल्या, "मी सांभाळून घेतलं म्हणून. तुला उघडं पडू दिलं नाही." त्यांना खरोखर वाटत होतं की त्यांनी माझ्यावर उपकार केले. त्यांच्या बशीत केकचा तुकडा होता, अर्धा त्यांनी मला दिला.

मी तो बशीसकट टेबलावर ठेवला. वीस वर्षं मी या बाईच्या तोंडून जगाला माहीत झाले होते. मी काय बोलत आले आणि जगाला काय ऐकू गेलं, याचा हिशेब आता लागणार नव्हता. रागापेक्षा मला कंटाळा आला होता, आणि कंटाळा आला की मी कामाला लागते.

सोमवारी सकाळी मुलींना नाश्ता दिला. तापाच्या मुलींची औषधं मोठ्या मुलीला समजावून सांगितली. लुना काढली, सेवंताला मागे बसवलं, ठाण्यात गेलो.

हवालदार पेपर वाचत होता. "क्या हुआ, बाई?"

आधी सेवंताने तक्रार सांगितली. जातीचा दाखला तिने प्लास्टिकच्या पिशवीत आणला होता. मग तो माझ्याकडे वळला. "और आप? कौन जात?"

"ख्रिस्ती."

"फिर तो आप पे ये ॲट्रॉसिटी का कानून लागू नहीं होता."

"शिवी तिले देल्ली, मले नाही. मी पाहणारी हाय. माझं बयान घ्या."

त्याने घेतलं. नाखुशीने, पण घेतलं. मी म्हटलं, आधी वाचून दाखवा. तो वाचायला लागला. शिवी होती. तारीख होती. पुढे लिहिलं होतं, 'साहेबांचा धक्का लागून ती पायऱ्यांवरून पडली.'

"लागून नाही," मी म्हटलं. "साहेबांनी ढकलल्याने पडली. तसं लिहा."

"एक ही बात है, बाई."

"एक नाही."

त्याने ते खोडलं, वर लिहिलं. म्हणाला, खोडलं तिथे वेगळी सही लागते. मी तिथे सही केली, मग खाली केली. कोर्टात पुन्हा पुन्हा यावं लागेल, म्हणाला. वर्षं जातील.

मी म्हटलं, पत्ता लिहून घ्या. वसतिगृहाचा नको, कुडव्याच्या बहिणीचा लिहा.