मुलींच्या संघटनेचं स्थळ

मी याआधी लिहिलेला सर्वांत मोठा मजकूर म्हणजे पंपाच्या गळतीवरचा बारा पानी अहवाल. त्यामुळे आठवणी लिहायला बसल्याबद्दल आधीच माफी मागतो. तो अहवाल वाचून प्राध्यापक हसले होते. इथे तुम्ही हसलात तर निदान ते अपेक्षित तरी असेल!

मी जर्मनीत एर्लांगेनला शिकत असताना माझी धाकटी बहीण सुषमाही तिथे आली. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेले आम्ही दोघंच. सहा महिने ती खोली शोधत फिरली. शेवटी मिळाली ती विद्यार्थिनींच्या एका जुन्या संघटनेच्या घरात. अट एकच: संघटनेत यायचं. तिला घ्यायचं की नाही यावर तीन आठवड्यांनी मतदान होतं. सुषमाने आनंदाच्या भरात घरी फोटो पाठवला. खांद्यावरून तिरका रंगीत पट्टा, डोक्यावर टोपी, हातात ग्लास.

लगेच अण्णांचा फोन. मागे गिरणीचा आवाज नव्हता. (दळण थांबवून वडील बोलतात म्हणजे प्रकरण गंभीर!)

"ती कुठल्या पार्टीत गेली रे?"

"पार्टी नाही अण्णा, मुलींची संघटना आहे."

"मग टोपी कशाला? आणि ग्लासात काय आहे?"

"सफरचंदाचा रस."

"तू चाखलास?"

"नाही."

"मग जा आणि चौकशी कर. नीट वाटलं नाही तर खोली सोडायला लाव!"

चौकशी मी आयुष्यात एकदाच पाहिली होती, चुलतबहिणीसाठी स्थळ बघायला गेलो होतो तेव्हा. तेच प्रश्न वहीत उतरवले, इस्त्रीचा शर्ट घातला आणि सुषमाला न सांगता रविवारी दुपारी त्या घराची बेल वाजवली.

दार उघडलं उटेने. ती संघटनेची अध्यक्ष. आत सत्तरीच्या फ्राऊ हेल्गा, म्हणजे आपल्याकडच्या हेल्गाबाई, बसल्या होत्या, तिथल्या सर्वांत जुन्या सदस्य. समोर प्लमचा केक.

"घर स्वतःचं की भाड्याचं?" मी बसता बसता विचारलं.

"स्व... स्वतःचं," उटे म्हणाली.

"माणसं किती?"

"राहायला सात. पण जुन्या धरून दोनशे."

मी वहीत लिहिलं, 'एकत्र कुटुंब'.

"व्यसन?"

"बिअर," हेल्गाबाई शांतपणे म्हणाल्या. "पण शिस्तीत."

"तलवारी?" (मुलांच्या संघटनांत तलवारबाजी चालते, असं मेसमध्ये ऐकलं होतं.)

"त्या मुलांकडे. आम्ही तोंडाने भांडतो."

"आणि मुलगी लग्न करून गेली तर?"

"तरी आमचीच. इथे आलं की जन्मभर!"

जन्मभर! माझ्या हातातला केक खाली पडला. हे अण्णांना कसं सांगू? घाबरून मी वहीत नसलेला प्रश्न विचारला, "पण हे सगळं कशासाठी?"

हेल्गाबाईंनी खुर्ची पुढे ओढली. पूर्वी विद्यापीठात मुली मोजक्याच. मुलांच्या संघटनांना घरं होती, गाणी होती, ओळखी होत्या. मुलींना दार बंद. मग पाच जणींनी एका बेकरीच्या मागच्या खोलीत बसून आपली संघटना काढली. "माझ्या घरात आधी कोणी शिकलेलं नव्हतं," त्या म्हणाल्या. "प्रोफेसरांशी कसं बोलायचं हे मी कोणाला विचारणार? इथे मोठीने धाकटीला सांगायचं. एवढंच."

मी लिहायचं विसरलो. मला हे कोणीच सांगितलं नव्हतं. पहिल्याच दिवशी मी प्राध्यापकांना वाकून नमस्कार केला होता. (माझं पेन पडलं असं समजून तेही शोधायला वाकले!)

तेवढ्यात सुषमा आली. मी, वही आणि रिकामी ताटली तिने एका नजरेत पाहिली.

"दादा! मतदान माझं आहे आणि तू इथे स्थळ बघतोयस?"

तिचे डोळे भरले. मी बूटसुद्धा नीट न घालता निघालो.

अण्णांना सगळं सांगितलं, जन्मभरासकट.

"जन्मभर बघणार म्हणतात ना? मग राहू दे." आणि मागे गिरणी सुरू झाली.

आता प्रश्न उरला त्या बायकांचा. माझ्यामुळे खोली गेली तर? सुषमा पंधरा दिवस माझ्याशी बोलली नाही. सोळाव्या दिवशी तिने फोन करून बैठकीचं इतिवृत्त वाचून दाखवलं:

"उमेदवार: एकमताने पसंत. कुटुंबाची चौकशी: गरज पडली नाही, भाऊ स्वतःच आला. भाऊ: निरुपद्रवी. भावाने संपवलेला केक: तीन तुकडे."

हे साफ खोटं आहे. चार होते. पडलेला धरला तर पाच!