मी घातलेला आठ

"हा आठ कुठून आला?" बाईंनी विचारलं.

"मी घातला," मी ऐटीत सांगितलं. "तुमचा राहून गेला होता."

बाई मटकन स्टुलावर बसल्या.

महाराष्ट्र होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. खामगावच्या एका छापखान्यात मी कंपोझिटर होतो, म्हणजे शिशाचे खिळे एकेक उचलून ओळी जुळवणारा. बाई मुलींच्या हायस्कुलात गणित शिकवायच्या. दुसऱ्या दिवशी शाळेत गणिताचं प्रदर्शन होतं, इन्स्पेक्टर साहेब येणार होते, आणि दोनशे पोस्टरं आमच्याकडे छापायला होती. छपाई दोन रंगांत. म्हणजे कागद मशीनवर दोनदा चढतो. वरची मोठी संख्या लाल रंगात छापून झाली होती. खालचा काळा मजकूर बाकी होता. त्याचं प्रूफ, म्हणजे कच्ची प्रत, तपासायला बाई सकाळीच आल्या होत्या.

त्यांनी लिहून दिलं होतं १२३४५६७९. मी छापलं १२३४५६७८९. वीतभर उंचीच्या लाकडी आकड्यांत! भल्याभल्यांच्या वेलांट्या मी रोज दुरुस्त करायचो, आठ बरा सोडेन!

"अहो, आठ मुद्दामच गाळला होता," बाई रडकुंडीला आल्या. "त्या संख्येला नवानं गुणलं की ओळीनं नऊ वेळा एक येतो. तुमच्या आठानं शेवटी शेवटी शून्य घुसलं. सगळा खेळ खलास!"

मालक उठून आले. "काऊन बे रामदास? तुले जुळवाले ठेवलं का शिकवाले? या मापाचा कागद आता पुऱ्या खामगावात नाही. बाईचं काम अडलं तं उद्यापासून येऊ नको."

घरी काय सांगणार, आठापायी नोकरी गेली?

प्रूफाच्या पाठीवर मी गुणाकार करत सुटलो. दोनानं, तिनानं, पाचानं. काही हाती लागेना. शेवटी चिडून त्या आठानंच गुणलं. आलं ९८७६५४३१२.

कंपोझिटरला गणित येवो न येवो, अदलाबदल झालेले खिळे त्याला लगेच दिसतात. मी ओरडलोच. "बाई, हे तं उलटं येऊन राह्यलं! फक्त शेवटचे दोन इकडचे तिकडे झाले. बाराच्या जागी एकवीस पाह्यजे!"

बाईंनी कागद हिसकावला. "एकविसातून बारा गेले, नऊ! आठानं गुणा, नऊ मिळवा!" आणि चक्क टाळ्या पिटल्या. मालकांना ओ की ठो कळलं नाही, तरी तेही हसत सुटले.

काळा मजकूर बाईंनी तिथंच नव्यानं लिहिला. तो छापून दुपारपर्यंत पोस्टरं वाळत पडली.

प्रदर्शनात इन्स्पेक्टर साहेबांनी स्वतः फळ्यावर गुणाकार केला. हातचा विसरले, मुलींनी दुरुस्त केला. नऊ मिळवल्यावर ९८७६५४३२१ आलं आणि साहेबच "अरे वा!" म्हणून ओरडले. मुली नाचायला लागल्या. मी मागं उभा राहून डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसलो. नोकरी वाचली होती.

पुढल्या वर्षी प्रदर्शनासाठी बाईंचं हस्तलिखित आलं. एका ओळीपुढं समासात लिहिलेलं, 'रामदास, हे असंच आहे.' नेमकी त्याच ओळीत मला चूक दिसली. मी खिळ्याला हात लावला नाही. सायकल काढली आणि शाळेत जाऊन विचारलं. चूक बाईंचीच निघाली.

तात्पर्य एवढंच, की शंका आली तर विचारावं. फक्त लाल छपाईच्या आधी.