शकूच्या कागदावरचे चार प्रश्न

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. यांना नाही, माझ्या आईला नाही, आणि देवापुढे हात जोडतानासुद्धा हा विषय मी शिताफीनं टाळत आले. आज सांगायला बसले आहे, तर जरा दमानं ऐका. मुद्द्यावर यायला मी वेळ लावणार, एवढं मी स्वतःला ओळखते.

मी नांदेडची. गोदावरीकाठची. पाणी भरणं हे काम असतं, हे मला लग्नापर्यंत ठाऊकच नव्हतं. लातूरला आले तेव्हा लातूर नुकतंच जिल्ह्याचं ठिकाण झालं होतं. नव्या कचेऱ्या, नव्या पाट्या, यांना नवी नोकरी — सगळं नवं, फक्त पाणी तेवढं नव्हतं. दुष्काळ होता. भर दुपारी गल्लीत टँकर यायचा आणि घागरींच्या रांगेत बायका एकमेकींच्या झिंज्या धरायच्या. मी किती वेळा त्या रांगेत उभी राहिले असेन? दोनदा. दुसऱ्यांदा एकीनं माझी घागर लाथेनं उडवली आणि मी रडत घरी आले. त्या दिवसापासून पाणी शकूनं आणलं.

शकू म्हणजे माझी धाकटी नणंद. वीस-एकवीस वर्षांची. सासू-सासरे आधीच गेलेले, त्यामुळे घरात आम्ही दोघं, माझी तान्ही मुलगी आणि ती. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक, वर पुन्हा मलाच हसायची — ‘‘वहिनी, नांदेडची गंगा सोडून आमच्या दुष्काळात कशाला आलाव?’’ तिची वेणी कमरेच्या खाली यायची. तिची मला असूया वाटत होती का? नाही. तसं असतं तर सांगायला सोपं गेलं असतं.

उदगीरच्या एका मुलानं तिला नात्यातल्या लग्नात पाहिलं होतं. धान्याच्या मोंढ्यात दुकान, माणसं सरळ. आमच्याकडे मुलगी बघायला आलेल्या बायका वेणी सोडायला लावायच्या, केस खरे की गंगावन घातलंय ते हातानं ओढून बघायच्या. या लोकांनी मात्र निरोप धाडला — पोरगी पसंत हाय, आम्ही नुसतं कुंकू लावायला येतो.

आणि त्याच आठवड्यात तिची वेणी घालताना मला चाई दिसली. कानामागं, रुपयाएवढी, गुळगुळीत. एकही केस नाही. शेजारीण म्हणाली किड्यानं केस खाल्ले, गुंज उगाळून लावा. लावली, तर कातडी भाजून निघाली. चार दिवसांनी टाळूजवळ दुसरी चाई दिसली. शकू टँकरमधल्या बोअरच्या खाऱ्या पाण्याला शिव्या द्यायची आणि कंगव्यात आलेले केस पदरात लपवायची.

मग मी तिला चामडीच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी भिंग लावून डोकं तपासलं. चारचौघांत केस विस्कटलेले बघून ती इतकी शरमली, की डोक्यावर पदर ओढून बाहेरच जाऊन बसली. जाताना वहीचं एक पान माझ्या हातात कोंबलं. ‘‘तुम्हीच विचारा वहिनी. मला लाज वाटायली.’’

पानावर चार प्रश्न होते. हे खाऱ्या पाण्यानं झालं का? सगळेच केस जातील का? गेलेले परत येतील का? चौथा प्रश्न तिनं दोनदा खोडून पुन्हा लिहिला होता — लेकरांना होतं का? आदल्या दिवशीच ती मला म्हणाली होती, ‘‘लेकरांत उतरणार नसंल, तर मी त्यांना समदं खरं सांगून हाव म्हणणार. फसवून न्हाई जायचं मला.’’

डॉक्टरांनी एकेक उत्तर दिलं आणि मी पेन्सिलीनं पुढं लिहून घेतलं. पाण्याचा संबंध नाही. एवढ्याशा चाईत सगळे केस बहुधा जात नाहीत. मलम लावा, सहा महिन्यांत, फार तर वर्षात, बहुतेक वेळा परत येतात. पुढे कधी पुन्हा चाई पडूही शकते. शिवल्यानं लागत नाही. आणि लेकरांना? घरात आधी कुणाला असेल तर थोडा संभव, पण म्हणून कुणी लग्न थांबवत नाही, असं म्हणून ते हसले.

मी बाहेर आले. शकू माझ्या तोंडाकडे बघत होती, पण मी म्हटलं घरी चल, मग सांगते. गल्लीच्या तोंडाशी टँकर उभा होता. आमच्या दोन घागरी शेजारणीनं रांगेत लावून ठेवल्या होत्या. आणि मी — कसं सांगू? — मी त्या घागरींकडे बघितलं आणि मनात आलं, ही गेल्यावर इथं कोण उभं राहणार?

‘‘डॉक्टर म्हणाले, काही सांगता येत नाही,’’ मी म्हटलं. ‘‘वाढतही जाईल. आणि शकू — लेकरांत उतरतं.’’

तिनं डोक्यावरचा पदर पुढं ओढला. मग म्हणाली, ‘‘कागद कुठं हाय?’’ मी सांगितलं, तिथंच राहिला. तो माझ्या पोलक्यात होता. ती घागरी भरायला गेली आणि मी तो चुलीत घातला.

दोन दिवसांनी तिनं भावाला सांगितलं, मला लग्न करायचं न्हाई. यांनी मला विचारलं, काय झालं हिला? मी म्हटलं, मला काय माहीत. उदगीरच्या मुलानं पुढं औशाची मुलगी केली.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. नळाला पाणी आलं. ज्यासाठी खोटं बोलले होते ते कारणच उरलं नाही. शकूच्या चाईवर आधी पांढरी लव आली, मग काळे केस आले, दाट. तिनं मला बोट लावून दाखवले. म्हणाली, ‘‘केस आले वहिनी. पण लेकरांत उतरतं म्हणाले होते न्हाई का?’’ तेव्हा तरी बोलायचं ना? अजून तिला स्थळं येत होती. मी खाली मान घालून कणीक मळत राहिले.

तिनं लग्न केलं नाही. माझी तिन्ही मुलं तिनंच न्हाऊमाखू घातली. दर रविवारी त्यांचे केस बाजूला सारून ती कानामागं बघायची, उगाच, काळजीनं. मी ते बघत असायची.

गेल्या वर्षी मोठ्या तापातून उठले आणि माझे केस मुठीमुठीनं गळू लागले. दवाखान्यात शकूच माझ्यासोबत आली. आता तीही साठीची झाली आहे. तपासून झाल्यावर मी बाहेर बाकावर बसून राहिले, ती विचारायला पुन्हा आत गेली. बाहेर आल्यावर तिनं कागदावरून एकेक उत्तर मला वाचून दाखवलं. तापानं गळतात. बरेचसे येतील. या वयात पहिल्यासारखे दाट होणार नाहीत — तेही तिनं न चाचरता वाचलं. मग घडी घालून कागद माझ्या हातात दिला.

‘‘हा घ्या वहिनी. तुम्हीपण एकदा वाचा. मी काई इकडचं तिकडं केलं न्हाई.’’

तिला माहीत आहे का? तशी ती सहजही बोलली असेल. मी विचारलं नाही. घरी आल्यावर तिनं तेल कोमट केलं आणि माझ्या विरळ डोक्यावर हलक्या बोटांनी जिरवत बसली. मी डोळे मिटून घेतले आणि तेव्हाही तिला काही सांगितलं नाही.