मार्सविकच्या लॉर्डची निवडणूक

लेस्ली टेम्पर्ली लॉर्ड झाला तेव्हा तो शाळेच्या बसचं मागचं चाक बदलत होता. कॅनडातला कुणी चुलतभाऊ, ज्याचं तोंडही त्याने कधी पाहिलं नव्हतं, मूलबाळ नसताना वारला आणि आजोबांनी गिरणीच्या जोरावर मिळवलेली पदवी फिरत फिरत मार्सविकच्या बस ड्रायव्हरच्या गळ्यात पडली. वकिलाचा फोन आला तेव्हा लेस्लीचे हात ग्रीसने माखले होते. तो "बरं" म्हणाला, फोन ठेवला आणि उरलेले नट आवळायला बसला. मुलं थंडीत ताटकळत होती.

पदवीबरोबर जमीन आली नाही, घर आलं नाही, साधं घड्याळसुद्धा आलं नाही. आलं ते फक्त चिडवणं. बसमधली पोरं चढताना कमरेत वाकून मुजरा करायची. आणि डोरीन पिकरिंगला तर आयतंच कोलीत मिळालं. डोरीनचं मासे-बटाट्याचं दुकान गावाच्या समुद्राकडच्या टोकाला होतं. दुकानामागे समुद्राच्या बाजूला तिचं घर, आणि दुकानाच्या अलीकडे, गावाच्या बाजूला लेस्लीचं. रोज संध्याकाळी तो बटाट्याची पॅटी आणि चिप्स घ्यायला जायचा. बायको गेल्यापासून त्याचं जेवण तेच. डोरीन रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारायची, "महाराज, कागदात बांधू की चांदीचं ताट काढू?"

"कागदात बांध. आणि व्हिनेगर जास्त घाल," लेस्ली म्हणायचा. एवढंच त्याचं बोलणं. चाळीसेक वर्षं बस चालवलेल्या माणसाला पुढे बघायची सवय असते, बोलायची नसते.

डोरीन लग्न होऊन त्या घरात आली तेव्हा खिडकीतून समुद्र दिसत नव्हता. मध्ये घरांच्या दोन ओळी होत्या, रस्ता होता, गायरान होतं. आमचा किनारा निव्वळ चिकणमातीचा. दर हिवाळ्यात समुद्र येतो, खालून पोखरतो आणि वरचा तुकडा बसतो खाली. आधी गायरान गेलं, मग पहिली ओळ. पलीकडच्या हॅल्बी गावात गॅसचा कारखाना आहे, म्हणून तिथे नॉर्वेहून घरांएवढे दगड आणून किनाऱ्याला लावले. हॅल्बी वाचलं आणि तिथे अडलेला समुद्र दुप्पट भुकेने आमच्याकडे वळला. आम्ही विचारायला गेलो तर साहेबांनी शांतपणे सांगितलं की तुमच्या सबंध गावाच्या किमतीपेक्षा ते दगड महाग आहेत. हे ऐकून परत येणारी माणसं बसमध्ये कशी गप्प बसली होती, ते लेस्लीने आरशात पाहिलं होतं.

किनाऱ्याचा रस्ता तुटला आणि बस अलीकडूनच वळवायला लागली, त्या दिवशी डोरीन चिप्सवर मीठ भुरभुरताना म्हणाली, "काय रे, तू लॉर्ड ना? मग नुसती पॅटी काय खात बसलास? जा की लंडनला. बस त्या सभागृहात आणि सांग त्यांना, आमचं गाव बुडतंय म्हणून."

ती थट्टेतच म्हणाली होती. पण लेस्लीला थट्टा उशिरा कळायची.

त्याने चौकशी केली. पार्लमेंटच्या वरच्या सभागृहात पूर्वी जन्माने लॉर्ड असलेले शेकड्यांनी बसत. मग सरकारने त्यांना घरी पाठवलं, पण सगळ्यांना नाही. मूठभर ठेवून घेतले. त्या मुठीतला कुणी मेला की त्याच्या जागेसाठी निवडणूक होते. उभं राहायचं बाहेर काढलेल्या लॉर्डांनी किंवा त्यांच्या वारसांनी, आणि मत बहुतेक वेळा द्यायचं मेलेल्याच्याच पक्षातल्या उरलेल्या वंशपरंपरेच्या लॉर्डांनी. जन्माशिवाय उमेदवारी नाही आणि मेल्याशिवाय जागा नाही. लोकशाहीची आई म्हणवणाऱ्या देशाने हे असलं पोर कुठून पैदा केलं, कोण जाणे. पण आमच्या गावाला त्या वेळी हसू आलं नाही. आम्हाला वाटलं, बरं झालं, एक फट तरी उघडी राहिली.

लेस्ली उभा राहू लागला. उमेदवाराने स्वतःबद्दल पंचाहत्तर शब्दांत लिहून द्यायचं असतं. बाकीचे लॉर्ड लिहायचे की मी सैन्यात होतो, मी मेंढ्या पाळतो, मला ऑर्गन वाजवता येतो. लेस्ली लिहायचा मार्सविकबद्दल. एकदा पडला, पुन्हा पडला. सकाळी उठून पेपरात आधी कोण वारलं ते बघायची सवय त्याला लागली, आणि ती लागल्याची त्याला लाज वाटायची. कुणा म्हाताऱ्याचा फोटो दिसला की मनात आधी आशा यायची आणि मग त्या माणसाबद्दल वाईट वाटायचं.

मग लेस्ली आयुष्यभर ज्या पक्षाला मत देत आला, त्याच पक्षातले एक म्हातारे लॉर्ड गेले. त्या पक्षात आता वंशपरंपरेचे पाचच लॉर्ड उरले होते. म्हणजे मतदार पाच. उमेदवार त्याहून जास्त.

"पाच?" डोरीनने झारा हवेतच धरला. "आमच्या फुलांच्या प्रदर्शनाला परीक्षक जास्त असतात रे!"

"पाच जणांना गाठता येतं," लेस्ली म्हणाला.

आणि त्याने गाठले. एकुलता एक सूट घालून, आगगाडीने लंडनला जाऊन, एकेकाची वेळ घेऊन. पाचही जण अतिशय सभ्य. लॉर्ड ऑर्मरॉड त्यांतले सगळ्यात वयस्कर. त्यांनी स्वतःच्या हाताने चहा ओतला, बिस्किटं पुढे केली, आणि लेस्लीने आणलेले किनाऱ्याचे फोटो चष्मा पुसून पुसून पाहिले. पडक्या घराच्या फोटोपाशी ते थांबले.

"फार वाईट आहे हो हे, टेम्पर्ली," ते म्हणाले. "हे कुणीतरी सभागृहात बोललंच पाहिजे. तुम्ही निश्चिंत जा. तुमचं नाव माझ्या कागदावर असेल."

बाकी चौघांनीही कमीअधिक हेच सांगितलं. पाचातला एकही नाही म्हणाला नाही.

आता इथे आमच्याकडची रीत सांगायला हवी. मार्सविकमध्ये माणूस नाही म्हणायचं असेल तर नाही म्हणतो. तोंडावर म्हणतो, वर दोन शिव्या घालतो आणि दुसऱ्या दिवशी तुमच्या शेजारी बसून बिअर पितो. त्यामुळे पाच जणांनी हो म्हटलं म्हणजे हो, एवढंच लेस्लीला कळत होतं. गाडीत तो खिडकीला टेकून बसला आणि, कधी नव्हे ते, समोरच्या अनोळखी बाईला म्हणाला, "आमचं गाव वाचणार बहुतेक."

तो परतला त्याच आठवड्यात डोरीनला नगरपालिकेचा निरोप आला. शहरात म्हाताऱ्या माणसांसाठीच्या इमारतीत एक घर रिकामं झालं होतं. तळमजला, दाराशी बसचा थांबा, खाली एक मदतनीस बाई. हो किंवा नाही शुक्रवारपर्यंत कळवायचं होतं. डोरीन दुकान बंद करून मागच्या दाराने लेस्लीकडे आली. त्या दिवशी तिने महाराज म्हटलं नाही.

"खरं सांग लेस्ली. हो म्हणू का त्यांना? कड्यावर लावलेलं कुंपण आता दारापासून दहा पावलांवर आलंय. रात्री जमीन हलल्यासारखी वाटते. मला इथून जायचं नाही, पण मी मूर्ख पण नाही."

"थांब," लेस्ली म्हणाला. "पाचही जणांनी शब्द दिलाय मला."

"पाचही?"

"पाचही. एकदा आत गेलो की पहिलं बोलणं दगडांचंच. लोकांसमोर बोलावं लागलं की सरकारला उत्तर द्यावं लागतं. हिवाळ्याआधी काहीतरी होईल. थांब तू."

डोरीनने त्याच्या चेहऱ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग तिने त्याच्याच फोनवरून नगरपालिकेला नाही कळवलं, आणि लेस्लीला हायसं वाटलं.

निकालाच्या दिवशी लंडनच्या त्या खोलीत लाकूड इतकं चकचकीत होतं की लेस्लीला हात कुठे ठेवावा कळेना. अधिकाऱ्याने कागद वाचायला घेतला. मतपत्रिकेवर पसंतीप्रमाणे एक, दोन, तीन असे आकडे घालायचे असतात. एका उमेदवाराला पहिल्या पसंतीचीच तीन मतं पडली. पाचातली तीन, म्हणजे काम तिथेच संपलं, खालचे आकडे बघायची गरजच उरली नाही. तरी रीत म्हणून अधिकाऱ्याने सगळ्यांची नावं वाचली.

"लॉर्ड टेम्पर्ली. शून्य."

आवाज अगदी साधा होता, बसचा थांबा पुकारावा तसा. निवडून आलेले गृहस्थ ऑर्गन वाजवणारे होते.

बाहेर कॉरिडॉरमध्ये लॉर्ड ऑर्मरॉड काठी टेकत लगबगीने लेस्लीकडे आले. चेहऱ्यावर खोटं काही नव्हतं, हेच त्यातलं वाईट. "टेम्पर्ली, वाईट वाटलं हो. पण मी शब्द पाळला. तुमचं नाव होतं माझ्या कागदावर. चौथा नंबर दिला तुम्हाला."

"चौथ्याने काय होतं, साहेब?"

म्हातारा गोंधळला. असा प्रश्न त्याला बहुधा कुणी विचारलाच नव्हता. "होत काही नाही," तो म्हणाला. "पण लोकांना बरं वाटतं."

त्यांच्या जगात 'तुमचं नाव माझ्या कागदावर असेल' हे वाक्य सगळ्यांना सांगायचं असतं आणि ऐकणाऱ्याने ते मनावर घ्यायचं नसतं, हे प्रत्येक उमेदवाराला लहानपणापासून ठाऊक होतं. लेस्लीला कोण सांगणार? तो लहानपणी आईबरोबर किनाऱ्यावर शिंपले वेचत होता.

तो गावात पोचला तेव्हा दुकानात रांग नव्हती. निकाल रेडिओवर हसण्याचा विषय म्हणून सांगून झाला होता. डोरीनने काउंटरची फळी उचलून त्याला आत घेतलं आणि स्टुलावर बसवलं.

"एकसुद्धा नाही?" तिने हळूच विचारलं.

"नाही."

तिने पॅटी तळायला टाकली, मग गॅस बंद केला आणि तशीच उभी राहिली. लेस्लीने दुसऱ्या दिवशी नगरपालिकेत फोन केला, मग स्वतः गेला, मग पुन्हा गेला. ते घर दुसऱ्या कुणाला देऊन झालं होतं. डोरीनचं नाव आता यादीत सगळ्यात खाली होतं, कारण तिने एकदा नाही म्हटलं होतं. लेस्लीने तिथल्या पोरीसमोर पहिल्यांदाच आपण लॉर्ड असल्याचं सांगितलं. पोरीने त्याला बसायला खुर्ची दिली. त्यापलीकडे काही झालं नाही.

जानेवारीत मोठं वादळ झालं. सकाळी उठून पाहतात तो डोरीनची मागची खोपटी नव्हती आणि स्वयंपाकघराची पायरी हवेत लोंबत होती. दोनच दिवसांत नगरपालिकेचं यंत्र आलं. घर समुद्रात पडण्याआधी पाडून टाकायचा नियम आहे. डोरीनला तात्पुरतं हल शहरातल्या एका लॉजमध्ये, तिसऱ्या मजल्यावर जागा मिळाली. गुडघे गेलेल्या बाईला तिसरा मजला. तिकडे तिला लेस्लीनेच आपल्या गाडीतून नेलं. मागच्या सीटवर दोन पेट्या आणि दुकानाची पाटी होती. पाटी कशाला घेतली, ते तिलाही सांगता आलं नाही.

निघण्याआधी, यंत्राने पहिली भिंत ढकलली त्या वेळी ती दोघं गाडीत बसून होती. लेस्लीचे हात स्टिअरिंगवर होते. किल्ली फिरवायचं त्याला सुचत नव्हतं.

"माझ्यामुळे झालं, डोरीन," तो म्हणाला. "मी थांब म्हणालो."

"हो. तुझ्यामुळेच झालं," डोरीन म्हणाली. तिने त्याला खोटा दिलासा दिला नाही. आमच्याकडे तो देतच नाहीत. ती काचेतून तिच्या स्वयंपाकघराचा निळा रंग उघडा पडलेला बघत होती. "तू थापा मारत असतास ना, तर मला लगेच कळलं असतं. इतकी वर्षं ओळखते तुला. मी तुझ्या तोंडाकडे नीट बघितलं त्या दिवशी. तुला खरंच वाटत होतं रे. म्हणून थांबले मी."

लेस्लीने मान हलवली. मग त्याने गाडी सुरू केली, आरशात पाहिलं, आणि आरशात आता किनाऱ्यावरचं पहिलं घर त्याचं होतं.