कुलूपसाहेबांचा तवा

कारखान्याच्या भांडारात चौतीस वर्षं काढलेल्या त्या माणसाला सगळे 'कुलूप' म्हणत. तोंडावर अर्थात 'कुलूपसाहेब'. एखादा फिटर साधा बोल्ट मागायला आला, तरी हे विचारत, "जुन्याला काय झालं?" माल वापरला की संपतो, म्हणून चांगला माल म्हणजे न वापरलेला माल, असं त्यांचं सरळ मत होतं. त्यांच्या फळ्यांवरचे कित्येक सुटे भाग ग्रीसमध्ये लडबडून पडून राहिले आणि ते ज्या यंत्रांचे होते ती यंत्रं भंगारात गेली. पण एकाही भागाला गंज चढला नाही, हे मान्य करायलाच हवं.

मग निवृत्ती आली. रिकामा न्हावी भिंतीला तुंबड्या लावी म्हणतात. कुलूपसाहेबांना तवा सापडला.

तवा बिडाचा, बायकोच्या आईचा. आई गेल्यावर तिनं माहेरून एवढी एकच वस्तू मागून आणली होती आणि रोज सकाळी ती त्यावर अंडी करायची. तवा इतका मुरलेला, की अंडं आपणहून ताटलीत उतरायचं. एकदा कुलूपसाहेबांना त्याच्या कडेला मोहरीएवढा तांबूस ठिपका दिसला.

"अगं, हा गंज आहे!"

"असेल. पुसते."

"पुसते काय? इतकी वर्षं याच्या संरक्षणाचं काय केलंस?"

"काही नाही हो. नुसता वापरला."

त्यांना बायकोची खरोखर कीव आली. त्याच दुपारी त्यांनी तव्याचा ताबा घेतला. रोज बोटभर जाड तेल फासायचं, तापवायचं, कागदात गुंडाळून कपाटावर ठेवायचं.

"अहो, तेल लावून पुसून काढायचं असतं," ती म्हणाली. "आई पुसायची."

"पुसायचंच तर लावायचं कशाला?"

दीड महिना ती पातेल्यात अंडी उकडत राहिली आणि हे समोरच्या शिंप्याला कितवा थर झाला ते सांगत राहिले.

एका सकाळी तिनं तवा खाली काढला. कागद सुटेना, चिकटून फाटला. तवा तापवल्यावर खवट धूर घरभर झाला. अंडं टाकलं, ते टाकलं तिथेच राहिलं, आणि उलथन्यावर आले ते काळे पापुद्रे. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते धुरानं नव्हतं.

"आईचं माझ्याकडे एवढंच होतं," ती म्हणाली. "तिनं वापरला, मी वापरला, काही झालं नाही. तुम्ही जपलात आणि वाट लागली."

कुलूपसाहेबांना फार लाज वाटली. त्यांनी घासणी हातात घेतली.

तीन दिवस ते गॅलरीत बसून तवा खरवडत होते. चौथ्या दिवशी करडं बीड उघडं पडलं, तेव्हा ती शेजारी येऊन बसली.

"लावा तेल. आता पुसा."

त्यांनी पुसलं.

"अजून. चुकून सांडलं होतं असं समजा."

अगदी जिवावर आलं, पण पुसलं. तवा पालथा घालून तापवला, निवू दिला, पुन्हा पुसट तेल. असं पाच वेळा झाल्यावर अंडं टाकलं. ते जरा कुरकुरलं, पण सुटलं.

संध्याकाळी साहेब शिंप्याला सांगत होते, "तेल पुसून काढायचं असतं. लोक तिथेच चुकतात. आता हिलाही पटलंय."

ती मागे दारातच उभी होती. शिंप्यानं घाईघाईनं सुईत दोरा ओवायला घेतला.

"पटलंय ना," ती म्हणाली. "आणि रोज वापरल्याशिवाय तवा मुरत नाही, तेही यांना पटलंय. म्हणून उद्यापासून सकाळची अंडी हेच करणार."

शिंप्यासमोर नाही म्हणायची सोय नव्हती.

दुसऱ्या दिवशी उलथनं घेऊन साहेब ओट्याशी, आणि बाई खुर्चीत. लग्नानंतर पहिल्यांदाच तिच्यासमोर कुणी गरम अंडं आणून ठेवलं होतं. तिनं ते सावकाश, शेवटच्या घासापर्यंत खाल्लं.

"मीठ विसरलात," ती म्हणाली, आणि ताटली पुढे केली. "आणखी एक करा."